कानामागची सूज: घरी काय बघायचं, दवाखान्यात काय होतं

आमच्या मुलाचं दुखणं पहिल्यांदा ओळखलं ते पुण्यात नारायण पेठेतल्या न्हाव्यानं. पोरगं साडेतीन वर्षांचं, खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून तिच्यावर बसवलेलं. आधीच्या आठवड्यात सर्दी झाली, मग एका रात्री कान ठणकला, डॉक्टरांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक सिरप दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोरगं उड्या मारायला लागलं आणि सिरपची बाटली फ्रिजच्या दारात तशीच राहिली. ती चूक सर्वस्वी आमची. न्हाव्यानं मशीन कानामागे नेलं तसं पोरगं किंचाळलं. तो म्हणाला, "साहेब, याचा डावा कान बघा. उजव्यापेक्षा पुढं आलाय. आणि मागं हात लावू देत नाही."

आठ दिवस आम्ही मुलाला समोरून बघत होतो. न्हावी मागून बघत होता, म्हणून त्याला दिसलं. त्या संध्याकाळी आम्ही रुग्णालयात भरती झालो आणि 'मॅस्टॉइडायटिस', म्हणजे कानामागच्या हाडातला संसर्ग, हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पुढच्या दिवसांत डॉक्टरांना, परिचारिकांना मी भंडावून सोडलं, नंतर वाचतही गेलो. त्यातलं जे घरातल्या माणसाच्या उपयोगाचं आहे ते इथे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तपासणाऱ्याचाच. पण तपासणाऱ्यापर्यंत कधी पोचायचं, हे मात्र घरच्यांनाच ठरवावं लागतं.

आधी हे हाड समजून घ्या

स्वतःच्या कानाच्या मागे बोट ठेवा. टणक उंचवटा लागतो, तो खाली मानेकडे निमुळता होत जातो. हेच मॅस्टॉइड. बाहेरून भरीव वाटतं, पण आत पोकळ्यांची जाळी असते. अनारसा मोडल्यावर आत दिसते तशी. या पोकळ्यांत हवा असते आणि त्यांना आतून पातळ ओलसर अस्तर असतं. सगळ्यांत मोठी पोकळी पुढच्या बाजूला असते आणि ती पडद्यामागच्या कानाला, म्हणजे मध्यकर्णाला, सरळ जोडलेली असते. मध्यकर्णापासून एक नळी नाकाच्या मागे घशात उतरते. म्हणजे नाक, नळी, मध्यकर्ण आणि मॅस्टॉइड अशी एकच सलग वाट आहे. सर्दी या वाटेनं वर चढते.

लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे चढायला फार वेळ लागत नाही. मध्यकर्णात पू झाला की थोडा मागच्या पोकळ्यांतही जातोच. बहुतेक वेळा तो औषधानं किंवा आपोआप ओसरतो. कधी मात्र अस्तर सुजून वाट बंद होते, पू आत कोंडतो, दाब वाढतो आणि पोकळ्यांमधल्या पातळ भिंती विरघळायला लागतात. इथे हाडाचा आजार सुरू होतो.

मला सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते एका आकड्यानं. त्या मोठ्या पोकळीवरचं हाड जन्माच्या वेळी जेमतेम २ मिलिमीटर जाड असतं, आणि दर वर्षाला साधारण १ मिलिमीटरनं वाढत मोठ्या माणसात १२ ते १५ मिलिमीटर होतं. म्हणून तान्ह्या आणि लहान मुलांत आतला पू पटकन बाहेर कानामागे फुगवटा आणतो, तर मोठ्यांत तो आतल्या आत पसरू शकतो आणि बाहेर काही दिसतही नाही. हा आजार सर्वांत जास्त होतो तोही दोन वर्षांच्या आतल्या मुलांना.

शेजार कोणाचा, तेही बघा. वर पातळ पापुद्र्याएवढं हाड आणि त्यावर मेंदूचं आवरण. मागे मेंदूतलं रक्त खाली आणणारी मोठी शीर. मधून जाते चेहरा हलवणारी नस. आत तोल सांभाळणारा आणि ऐकणारा अंतर्कर्ण. जुन्या वाड्यात सामायिक भिंतीला ओल आली की ती चार बिऱ्हाडांत उमटते, तसंच हे.

घरी कसं बघायचं

मुलाला उजेडात बसवा आणि त्याच्या मागे उभे राहा. केस वर करा. दोन्ही कान एका नजरेत दिसले पाहिजेत. एकच कान बघून काही कळत नाही, सगळी गंमत तुलनेत आहे.

पहिली गोष्ट, एक कान डोक्यापासून जास्त उभा राहिलाय का? आतल्या सुजेनं तो पुढे आणि बाहेर ढकलला जातो. तान्ह्या बाळात थोडा खालीही झुकतो. दुसरी, कान आणि डोकं यांच्यामधली घडी. ज्या घडीत चष्म्याची काडी बसते, ती दुसऱ्या बाजूला जशी आहे तशीच इथे आहे का, की सुजून सपाट झालीय? कातडी लाल, गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखी ताणलेली दिसते का? तिसरी, बोटानं हलकेच हाडावर दाबा. आधी चांगल्या बाजूला, मग दुखऱ्या. चांगल्या बाजूला दाबल्यावर पोरगं नुसतं बघतं आणि दुसऱ्या बाजूला दाबताच रडतं, तर तेवढं पुरेसं आहे. पुन्हा पुन्हा दाबून खात्री करत बसू नका.

मग कानाच्या भोकाकडे या. पू येत असेल तर स्वच्छ कापसानं बाहेरचा तेवढा टिपा आणि घड्याळ बघा. पाच-दहा मिनिटांत पुन्हा तेवढाच भरून आला, तर मागे साठा आहे असं समजायचं. एवढ्याशा मध्यकर्णात इतका पू मावत नाही.

तापाचं गणितही लक्षात ठेवण्यासारखं आहे. कान फुटून पू वाहायला लागला की आतला दाब कमी होतो आणि दुखणं थांबतं, ताप उतरतो. असंच व्हायला हवं. पू वाहतोय आणि तरीही ताप परत चढतोय, दुखणं परत येतंय, हे वेगळं आहे. कानाचं दुखणं सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी पू थांबत नाही, हेही वेगळं आहे. बोलता न येणाऱ्या बाळात यातलं काहीच सांगितलं जात नाही. ते दूध तोडतं, रात्रभर किरकिरतं, कान ओढतं आणि कधी नुसते जुलाब होतात.

एक फसवी अवस्था आमच्याच घरची. अर्धवट घेतलेलं अँटिबायोटिक ताप आणि दुखणं दाबून टाकतं, पण हाडातला जंतू मारत नाही. मूल बरं दिसतं. कान थोडा जड, ऐकू थोडं कमी, मागे किंचित दुखरं, आणि आत भिंती विरघळत असतात. सात दिवस लिहिलेलं सिरप सात दिवसच द्यायचं, मूल चौथ्या दिवशी दंगा करत असलं तरीही.

हे दिसलं तर वाट बघायची नाही

कानामागे लाल, दुखरी सूज आणि पुढे आलेला कान हे त्याच दिवशी दाखवायचं. रविवार असो, गौरी-गणपती असोत. आणि पुढचं काही दिसलं तर अपॉइंटमेंटच्या भानगडीत न पडता थेट तातडीच्या विभागात जायचं: न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या, मान वाकवता न येणं, उजेड न सोसणं, गुंगी किंवा विचित्र वागणं, झटका, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, डोळे नीट न मिटणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, घर गरगर फिरणं, थंडी वाजून चढणारा-उतरणारा ताप, कानाखाली मानेत आलेली गाठ. ही सगळी त्या सामायिक भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडांतून आलेली तक्रार आहे.

प्रत्येक सूज मॅस्टॉइडची नसते

घाबरवायचा हेतू नाही, म्हणून हेही. डोक्यात उवा, फोड किंवा खरूज असेल तर कानामागे सुटी, सरकणारी गाठ येते, ती लसिकाग्रंथी. कान बाहेर ढकलला जात नाही. कानाच्या बाहेरच्या नळीत, म्हणजे भोकापासून पडद्यापर्यंतच्या वाटेत, केसतोड झाला असेल तर कानाची पाळी ओढली किंवा भोकासमोरचा छोटा उंचवटा दाबला की जीव जातो. मॅस्टॉइडमध्ये पाळी ओढून एवढं दुखत नाही. टिळक तलावावर पोहण्याचं उन्हाळी शिबिर सुरू झालं की असे कान घरोघरी निघतात. गालगुंडाची सूज कानाच्या पुढे आणि खाली असते, जबड्याचा कोपरा भरून येतो.

घरात मधुमेही आजी-आजोबा असतील तर एक निराळी सूचना. त्यांचा कान आठवडेच्या आठवडे, विशेषतः रात्री, झोप उडेल इतका ठणकत असेल आणि थेंब घालूनही फरक नसेल, तर ते साधं कान दुखणं समजू नका. मधुमेहात बाह्यकर्णाचा संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडात उतरू शकतो. हा मॅस्टॉइडायटिस नाही, पण तितकाच गंभीर आहे; त्याला कित्येक आठवडे औषध लागतं आणि साखर ताब्यात आणल्याशिवाय ते हटत नाही.

दवाखान्यात निघताना

आमच्याकडे लसूण घालून कडवलेलं तेल हा कानाचा रामबाण. माझ्या आईनं वाटी गरमही केली होती. पडदा फुटलेला असेल तर ते तेल सरळ मध्यकर्णात जातं. तेल नको, हळदीचा लेप नको, कानामागे शेक नको, कापसाचा बोळा कोंबणं नको. पू बाहेर येऊ द्या. उरलेले जुने कानाचे थेंबही घालू नका. काही थेंबांतलं निओमायसिन किंवा जेंटामायसिन फाटक्या पडद्यातून आत गेलं तर अंतर्कर्णाला आणि ऐकण्याला इजा करू शकतं. आणि फ्रिजमधलं अर्धं सिरप पुन्हा सुरू करणं तर अजिबात नको.

तापासाठी पॅरासिटामॉल चालतं: किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही. कधी, किती दिलं ते लिहून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

खाण्याचं लक्षात ठेवा. त्याच रात्री भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. साधारण नियम असा की दूध आणि जेवण सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. म्हणून वाटेत बिस्किटाचा पुडा फोडू नका. पोचल्यावर "काही देऊ का?" असं आधी विचारा. आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि बाटल्या, लसीकरणाचं कार्ड, कसली अ‍ॅलर्जी असेल तर ती माहिती, आधारकार्ड आणि रेशनकार्ड एका पिशवीत घ्या.

कुठे जायचं? जिथे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सीटी स्कॅन आणि रात्रीचं ऑपरेशन थिएटर हे सगळं एकाच छपराखाली आहे तिथे. गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवणं चुकीचं नाही, पण ते "उद्या बघू" म्हणाले आणि कान पुढे आलेला असेल, तर नम्रपणे चिठ्ठी मागून घ्या आणि निघा. सरकारी व्यवस्थेत स्टेशनजवळचं ससून आहे, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे; दोन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे. मूल गुंगीत असेल किंवा झटका आला असेल तर १०८ ला फोन करा. स्कूटरवर दोघांच्या मध्ये धरून नेऊ नका. संध्याकाळी सातला सिंहगड रस्ता कसा असतो ते सांगायला नको.

भरती झाल्यावर काय होतं

डॉक्टर दुर्बिणीनं पडदा बघतात. तो लाल आणि फुगलेला असतो किंवा भोकातून पू येत असतो. कधी बाहेरच्या नळीची मागची-वरची भिंत खाली लोंबलेली दिसते. हे चित्र स्पष्ट असेल तर निदान तिथेच होतं. पू असेल तर तो तपासणीला जातो, म्हणजे कल्चर. जंतू कोणता आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, पण त्यासाठी औषध थांबवून ठेवत नाहीत. फक्त नमुना पहिल्या इंजेक्शनच्या आधी गेला तर बरं. हे आपण आठवण म्हणून विचारू शकतो.

सीटी स्कॅन प्रत्येक मुलाला लागतोच असं नाही. सूज फार असेल, आत पसरल्याची शंका असेल, ऑपरेशन करायचं असेल किंवा औषधाला उतार नसेल तेव्हा तो करतात. त्यात पोकळ्यांच्या भिंती शाबूत आहेत की विरघळल्यात ते दिसतं. मेंदूकडची शंका असेल तर एमआरआय.

औषध शिरेतून सुरू होतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं सर्रास वापरतात, कारण नेहमीचे गुन्हेगार न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस आणि हिमोफिलस हे असतात. जुन्या वाहत्या कानात स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू असतो, त्याला वेगळी औषधं लागतात. सोबत बऱ्याचदा पडद्याला बारीकशी चीर देऊन पू काढतात आणि तिथे ग्रोमेट बसवतात. ग्रोमेट म्हणजे शर्टाच्या बटणाहून कितीतरी लहान नळी. ती काही महिन्यांत आपोआप बाहेर पडते. कानामागे पू साठून गळू झालं असेल तर तेही उघडतात.

मग येतात ते ४८ तास. या काळात ताप उतरायला हवा, सूज निवळायला हवी, मुलानं खायला मागायला हवं. मी रोज सकाळी त्याच खिडकीपाशी, त्याच कोनातून, मागून दोन्ही कानांचा फोटो काढत असे. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. राऊंडला येणारे डॉक्टरही तो बघून घ्यायचे. हे करून बघा, फुकट आहे.

राऊंडच्या वेळी मला जे प्रश्न उपयोगी पडले ते असे: कल्चरचा रिपोर्ट आला का? औषध तेच ठेवायचं की बदलायचं? आत कुठे पसरल्याची खूण आहे का? ४८ तासांत फरक नाही पडला तर पुढची पायरी काय? शिरेतलं औषध किती दिवस, तोंडावाटे किती? साधारणपणे सगळं मिळून दोन आठवड्यांच्या आसपास औषध चालतं, गुंतागुंत असेल तर जास्त.

ऑपरेशन लागलं तर

४८ तासांत उतार नाही, हाड विरघळलंय, मेंदूकडे किंवा चेहऱ्याच्या नसेकडे पसरलंय, अशा वेळी कॉर्टिकल मॅस्टॉइडेक्टमी सुचवतात. नाव अवजड आहे. काम असं, की पूर्ण भूल देऊन कानामागच्या घडीजवळ छेद घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ड्रिलनं बाहेरचं हाड उघडतात, सडलेल्या पोकळ्या साफ करतात आणि मध्यकर्णापर्यंतची वाट मोकळी करतात. जर्मन शल्यविशारद हेरमान श्वार्त्झे यांनी १८७३ मध्ये ही पद्धत व्यवस्थित मांडली. तेव्हा छिन्नी-हातोडी होती. अँटिबायोटिक येण्यापूर्वी कान फुटलेल्या मुलांच्या आया या ऑपरेशनचं नाव ऐकून होत्या. आज त्याची गरज कमी पडते ती औषधांमुळे.

तान्ह्या बाळात छेद थोडा वर घेतात. कारण मॅस्टॉइडचं खालचं टोक दोन वर्षांपर्यंत नीट वाढलेलं नसतं आणि चेहऱ्याची नस कातडीच्या फार जवळ असते. संमतिपत्रावर सही करताना "चेहऱ्याची नस" हा शब्द वाचून माझा हात थांबला होता. धोका असतो, अनुभवी हातांत तो कमी असतो, आणि सडकं हाड तसंच ठेवण्याचा धोका त्याहून मोठा असतो. सर्जन हे शांतपणे सांगत असतील तर ऐकून घ्या. घाईत असतील तर पुन्हा विचारा. आमच्या पोराला ग्रोमेट आणि गळू उघडण्यावरच निभावलं.

घरी आल्यावरचे काही आठवडे

टाके साधारण आठवड्यानं काढतात. तोवर आणि नंतरही सांगेपर्यंत कानात पाणी नको. अंघोळीआधी कापसाला व्हॅसलिन चोळून भोकाशी लावायचा, अंघोळ झाल्यावर लगेच काढायचा. नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. कानाच्या पाळीला काही महिने बधिरपणा राहू शकतो, तो हळूहळू जातो. मोठ्या माणसांनी हेल्मेटचा प्रश्न सर्जनला आवर्जून विचारावा, कारण त्याची कड बरोबर छेदावर घासते. उत्तर मिळेपर्यंत दुचाकी बंद, हेल्मेटशिवाय जाणं हा पर्याय नाही. विमानप्रवासही विचारूनच.

चेहरा वाकडा वाटला, परत ताप आला, छेदातून पू आला, चक्कर सुरू झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि ऐकण्याची तपासणी. ही सगळ्यांत जास्त राहून जाते, कारण मूल बरं झालेलं असतं आणि घरचे दमलेले असतात. चार-पाच वर्षांपुढच्या मुलाची ऑडिओमेट्री होते, त्याहून लहान असेल तर खेळातून किंवा झोपेत करायच्या चाचण्या असतात. आमच्या मुलाचं पहिल्या तपासणीत कमी आलं, ग्रोमेट पडल्यानंतरच्या तपासणीत नीट आलं.

वर्षानुवर्षं वाहणारा कान

आता माझ्या आत्याचा विषय. तिचा कान लहानपणापासून वाहायचा. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. "अंगात उष्णता आहे," असं घरात सगळे म्हणत. कापसाचा बोळा कानात आणि पदर कानावरून, अशीच ती आम्हाला आठवते. मॅस्टॉइडच्या दुखण्याची ही दुसरी, संथ जात आहे, आणि माझ्या मते हीच जास्त घातकी, कारण हिची सवय होते.

वाहणाऱ्या कानाचे ढोबळमानानं दोन प्रकार. पहिल्यात पडद्याला मधोमध भोक असतं, सर्दी झाली किंवा पाणी गेलं की भरपूर, पातळ, चिकट स्राव येतो, वास फारसा नसतो. हा त्रासदायक, पण हाड खाणारा सहसा नव्हे. कान कोरडा ठेवून, डॉक्टरांनी कान तपासून दिलेले सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे थेंब घालून, पुढे पडदा शिवण्याचं ऑपरेशन करून तो बरा होतो.

दुसऱ्यात स्राव थोडाच असतो, पण वास असा की शेजारी बसलेल्याला कळावं. कधी त्यात रक्ताची छटा. याच्यामागे बऱ्याचदा कोलेस्टिएटोमा असतो. नाव गाठीसारखं वाटलं तरी हा कॅन्सर नव्हे. कातडी चुकीच्या ठिकाणी, पडद्यामागे, वाढते. तिचे पापुद्रे आत साचत जातात, पिशवी फुगते आणि शेजारचं हाड खाते. ऐकण्याच्या तीन नाजूक हाडांपासून सुरुवात होते, मग मॅस्टॉइड, मग पुढचं. दुखत जवळजवळ नाही, हीच अडचण. याला थेंब आणि गोळ्या पुरत नाहीत, ऑपरेशनच लागतं. ते किती मोठं, कानाच्या बाहेरच्या नळीची भिंत ठेवायची की काढायची, हे आजार किती पसरलाय त्यावर ठरतं. भिंत काढली तर कानात मोठी खोबण राहते आणि ती वर्षातून एक-दोनदा डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते, आयुष्यभर. भिंत ठेवली तर आजार आत परत उगवलाय का हे बघायला वर्षभरानं दुसरं ऑपरेशन किंवा खास प्रकारचा एमआरआय. ऑपरेशनचा पहिला हेतू कान सुरक्षित करणं हा असतो, ऐकू येणं त्यानंतर. हे आधी समजून घेतलं तर नंतर नाराजी होत नाही.

वाहता कान अचानक कोरडा पडला आणि त्याच वेळी डोकं दुखायला लागलं, ताप आला, तर तो बरा झालेला नाही. वाट बंद झाली आहे. तातडीनं जायचं.

आणखी एक, आपल्याकडे विसरू नये असं: न दुखता वाहणारा, थेंबांना दाद न देणारा कान क्षयाचाही असू शकतो, विशेषतः घरात कुणाला क्षय झालेला असेल तर. त्यात चेहऱ्याची नस लवकर लुळी पडू शकते. डॉक्टरांना ती शंका बोलून दाखवा. क्षयाची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

आत्याचं ऑपरेशन पन्नाशीत झालं. त्या कानानं तिला नीट ऐकू येत नाही, पण पदर कानावर घेणं सुटलं.

रिपोर्टमधला शब्द

डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि खाली एका ओळीत मॅस्टॉइडमध्ये द्रव किंवा थेट 'मॅस्टॉइडायटिस' असं लिहून आलं, म्हणून हादरलेले दोन जण मला या वर्षात भेटले. एमआरआयला तिथलं थोडंसं पाणीही दिसतं. साध्या सर्दीतही ते साठतं. कान दुखत नाही, ताप नाही, मागे सूज नाही, पडदा नॉर्मल, असं असेल तर नुसत्या त्या ओळीसाठी इंजेक्शनं घ्यायची गरज सहसा नसते. कानाच्या डॉक्टरांना एकदा पडदा दाखवा, बस. उलट ते पाणी एकाच बाजूला असेल आणि हटत नसेल, तर मोठ्या माणसात नाकाचा मागचा भाग, जिथे मध्यकर्णाची नळी उघडते, दुर्बिणीनं तपासून घेतात.

खर्चाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कानाच्या शस्त्रक्रिया आहेत. रुग्णालय योजनेत आहे का आणि आपली शस्त्रक्रिया बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच विचारायचं, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि विचारताना लाजायचं कारण नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

बाळाला आडवं झोपवून बाटली तोंडात देऊ नका. डोकं वर हवं. घरात विडी-सिगारेट नको, गॅलरीतही नको. वर्षाकाठी चार-पाचदा कान फुटत असेल, मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल, तर नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी तपासून घ्या. कान कोरायला काडी, हेअरपिन, स्कूटरची किल्ली, यांतलं काहीही नको.

लस हा सर्वांत सोपा भाग. न्यूमोकोकसविरुद्धची पीसीव्ही लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. आपल्याच हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं १० उपप्रकारांवरची भारतीय लस डिसेंबर २०२० मध्ये आणली. महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत मिळते: सहाव्या आठवड्याला, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्याला. हिमोफिलसच्या बी प्रकारावरची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतच येते. कार्ड काढा आणि पीसीव्हीसमोर तीन तारखा आहेत का बघा. नवव्या महिन्याची तारीख बऱ्याच कार्डांवर रिकामी असते. आमच्याही होती.